काचपेटीतली पुस्तिका

१

सोमवारी सकाळी काचपेटी रिकामी दिसली तेव्हा मला धक्का बसला नाही, वैताग आला. पाचला पाहुणे येणार, खुर्च्या मांडून झालेल्या, दारावर शताब्दीचा फलक लागलेला, आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप तीच पुस्तिका गायब. नवऱ्याशिवाय वरात काढायची वेळ.

मी या वाचनालयाचा कार्यवाह. कार्यवाह म्हणजे ज्याला सगळे हाका मारतात आणि ज्याचं कुणी ऐकत नाही तो माणूस.

पुस्तिकेबद्दल थोडं सांगायला हवं. शंभर वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी ती लिहिली. राष्ट्र म्हणजे एक घर, हिंदू ते घरचे, बाकीचे आगंतुक, असा तिचा एकूण सूर. त्या काळी असं उघडपणे लिहिणारे मोजकेच होते, त्यामुळे गवगवा झाला आणि सरकारनं प्रती जप्त करून जाळल्या. एकच उरली, ती ग्रंथकर्त्यानं आधीच आमच्या संस्थेला दिलेली. पुढे त्यांच्या एका शिष्यानं आठवेल तसं तिचं ‘सार’ लिहून छापलं. बाजारात मिळतं ते हे सार. मूळ प्रत मात्र आमच्याकडे. तिच्यावरून दोन पिढ्या भांडल्या. कुणी हार घेऊन येतं, कुणी निषेधाचं पत्रक घेऊन. आम्ही दोघांनाही चहा देतो.

आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी दुपारी, समितीच्या खोलीत शेवटची बैठक झाली. अध्यक्ष होते. ते ग्रंथकर्त्याचे सख्खे नातू. नाकही आजोबांचं आणि बाणाही आजोबांचा, असं ते स्वतःच सांगतात. भाष्यकार होते. सत्तरी ओलांडलेला मऊ माणूस, पुस्तिकेवर सहाशे पानांचं भाष्य लिहून त्यावरच जन्म काढलेला. त्यांना सगळे सर म्हणतात. आणि एक प्राध्यापक बाई होत्या, ज्यांनी त्याच पुस्तिकेचं खंडन लिहिलंय, तेही उशीएवढं जाड. माघारी आम्ही त्यांना खंडनबाई म्हणतो, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही.

मी जाहीर केलं की सोमवारी दुपारी मशीनताई पुस्तिका स्कॅन करतील आणि संध्याकाळी पान न् पान मोठ्या पडद्यावर दाखवू. अध्यक्षांनी टाळी दिली. खंडनबाई म्हणाल्या, “बरं होईल, लोकांना एकदाचं दिसेल तरी काय लिहून ठेवलंय ते.” सरांच्या कपातला चहा बशीत सांडला, म्हणून मी फडकं आणायला उठलो.

मशीनताई आमच्याकडे जुनी पुस्तकं स्कॅन करते. मशीनवर तिच्याशिवाय कुणाचं चालत नाही म्हणून हे नाव. पुस्तिका ज्यांना आगंतुक म्हणते, त्या समाजातली. तोंडाची फटकळ, कामाला वाघ. रविवारी ती दारात उभी राहून म्हणाली होती, “म्हणजे शिव्या मला, आणि त्या उजेडात नीट धरायच्याही मीच? एखादं पान चुकून फाटलं तर राग मानू नका हं.” आम्ही सगळे हसलो होतो.

सोमवारी कुणी हसत नव्हतं. पेटीची काच शाबूत होती, कुलूपही. किल्ली माझ्या खणात असते आणि खण उघडाच असतो, हे अख्ख्या संस्थेला ठाऊक. आम्ही चौघं रिकाम्या पेटीभोवती उभे होतो. तेवढ्यात खंडनबाई हळू आवाजात म्हणाल्या, “मला हे बोलायला बरं वाटत नाही. पण काल ती काय म्हणाली, ते तुम्ही ऐकलंत ना?”

२

पुढचं मीच केलं. अध्यक्षांनी सांगितलं आणि मी केलं, असं म्हणता येईल, पण हात माझे होते.

ताईला समितीच्या खोलीत बोलावलं. काल संध्याकाळी मशीन लावायला ती थांबली होती, एवढा आमच्याकडे पुरावा. मी तिची पिशवी मागितली. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाकीच्यांकडे, आणि पिशवी टेबलावर ठेवली. सर म्हणाले, “जाऊ दे रे, पोरीची पिशवी कशाला उघडता,” पण इतकं पुटपुटत की ऐकू आलं नाही असं दाखवणं सगळ्यांना सोपं गेलं. मग तेही स्वतःची शबनम मांडीवर घेऊन गप्प बसले.

मी पिशवी उलटी केली. डबा, छत्री, चार्जर, लेकाचा उसवलेला एक बूट, गोळ्यांच्या दोन पट्ट्या. अध्यक्षांनी एक पट्टी उचलली, चष्मा वर करून नाव मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, “हे कशावर असतं?”

“झोप येत नाही त्यावर,” ताई म्हणाली.

खोलीत कुणी कुणाकडे बघेना. मी सामान परत पिशवीत कोंबलं. माझे कान तापले होते, आणि तरी मी तिच्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं, कारण अध्यक्षांनी हात पुढे केला होता.

“पिशवीत नाही म्हणजे बाहेर पोचवली असणार,” अध्यक्ष म्हणाले. “पाहुणे यायच्या आत पुस्तिका पेटीत आली नाही, तर मी पोलिसांना बोलावणार.”

“साहेब, पोलिसांत नाव गेलं तर पुन्हा कुठली संस्था मला पुस्तकाला हात लावू देईल?” ताईनं विचारलं. तिनं हे माझ्याकडे बघून विचारलं. मी म्हणालो, “नियमाप्रमाणे जे असेल ते होईल.” कुठला नियम, ते मलाही सांगता आलं नसतं.

ती मशीनच्या खोलीत जाऊन बसली. मी व्हरांड्यात आलो आणि आत्याला फोन लावला. दुसरं काही सुचलंच नाही.

३

माझी आत्या परीक्षा विभागात होती, कॉपी पकडणाऱ्या भरारी पथकाची प्रमुख. ती झडती घ्यायची नाही, नुसती बाकांमधून फिरायची आणि एखाद्यापाशी थांबून विचारायची, “बाळ, हा धडा वाचलास का रे?” बस. पोरगं रडायला लागायचं. आता निवृत्त आहे, गुडघे कुरकुरतात, पण जीभ नाही.

रिक्षातून उतरल्या उतरल्या तिनं विचारलं, “पिशव्या कुणाकुणाच्या बघितल्यास?”

“मशीनताईची.”

“आणि?”

“तिचीच.”

“का रे?”

मी रिक्षावाल्याला पैसे द्यायला वळलो. “बरं,” म्हणाली आणि जिना चढायला लागली.

पेटीपाशी ती बराच वेळ उभी राहिली. आत मखमलीवर पुस्तिकेचा चौकोनी ठसा होता आणि त्याच्यापुढे पुठ्ठ्याची पाटी: पहिली आवृत्ती, एकमेव प्रत, पृष्ठे बत्तीस. आत्यानं पाटी दोनदा वाचली.

“पुस्तिका उघडी ठेवायचात का मिटलेली?”

“मिटलेलीच. उघडी ठेवली तर पानं पिवळी पडतात, असं सर म्हणतात.”

“आणि वाचायची असेल कुणाला तर?”

“वाचायला सार आहे की. हिला कुणी हात लावत नाही. वर्षातून एकदा पेटी पुसतात, तेही सर स्वतः पुसतात. फार श्रद्धा आहे त्यांची.”

“तू वाचलीस?”

“आत्या, मला जमाखर्चातून वेळ मिळाला तर मी वर्तमानपत्र वाचतो.”

“म्हणजे नाही. तुझ्या अध्यक्षांना सांग, मला चारपर्यंत वेळ हवा आणि तोवर कुणी घरी जायचं नाही.”

अध्यक्षांनी कुरकुर केली, पण पाहुण्यांच्या तोंडावर पोलिसांची गाडी त्यांनाही नकोच होती. “आधी त्या मुलीला विचारा,” ते म्हणाले. “चोराच्या मनात चांदणं असतं. दोन प्रश्नांत गडबडेल.”

४

मशीनताई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मशीनवर पांढरं कापड घातलेलं. आत्यानं खुर्ची ओढली आणि विचारलं, “पोरी, वाचलीस का पुस्तिका?”

“जे हातात येईल ते वाचत बसले तर काम कधी व्हायचं? आणि ही तर हातात आलीच नाही. कार्यवाह म्हणाले, उद्या काढू पेटीबाहेर.”

“काल निघालीस तेव्हा इथं कोण होतं?”

“समितीच्या खोलीत दिवा होता. दार लोटलेलं. मला वाटलं कार्यवाह असतील, हिशेब करत.”

मी नव्हतो. बैठक संपल्यावर मी खुर्च्यावाल्याकडे गेलो होतो आणि तिथूनच घरी.

ताई माझ्याकडे वळली. “गोळ्यांची एकच पट्टी परत आली. दुसरी तुमच्याकडे राहिली असेल तर द्या. महाग असतात.”

मी सरळ समितीच्या खोलीत गेलो आणि टेबलाखाली वाकलो. आत्या मागोमाग आली. पट्टी अध्यक्षांच्या खुर्चीच्या पायाशी पडली होती. ती उचलून मी उठणार, तोच आत्या म्हणाली, “थांब. तिकडं ते काय?”

सर नेहमी बसतात त्या खुर्चीच्या आसपास, फरशीवर आणि टेबलाच्या कडेला, पिवळट भुसा पडला होता. कापूस पिंजल्यासारखा, पण कागदाचा. मी म्हटलं, “झाडणारी बाई सोमवारी उशिरा येते.” आत्यानं ऐकलं नाही. कालचा चहाचा ट्रे तसाच कोपऱ्यात पडला होता. त्यातली लोणी लावायची बोथट सुरी तिनं उचलली आणि पातं बोटावर पुसलं. बोटाला लोणी लागलं नाही, तोच पिवळा भुसा लागला.

“आता गुडघ्यांवर जा आणि नीट बघ,” ती मला म्हणाली.

गालिच्याच्या कडेखाली मला नखाएवढा कागदाचा तुकडा सापडला. जुना, पिवळा, मधोमध घडी असलेला. छापलेलं काहीच नव्हतं. मला वाटलं, पुडीचा कागद असेल. आत्यानं तो तळहातावर घेऊन उघडला, मिटला, परत उघडला. मग रुमालात बांधून कमरेला खोचला.

“आत्या, काय आहे ते?”

“कोरी उत्तरपत्रिका,” ती म्हणाली. “आता एकेकाला बोलाव. आणि त्यांची पुस्तकं आण. सार, भाष्य, खंडन, तिन्ही.”

५

आत्यानं प्रश्न तीनच विचारले, तिघांनाही तेच. हातात घेऊन वाचलीत का? ते प्रसिद्ध वाक्य कितव्या पानावर आहे? आणि पुस्तिकेचा शेवट काय आहे?

ते वाक्य म्हणजे, “घर मोठे आहे, दार उघडे आहे; येणाऱ्याने फक्त घर आपले म्हणावे.” पुस्तिकेतलं दुसरं काही कुणाला येवो न येवो, हे येतं. मानणारे म्हणतात, बघा किती उदार. न मानणारे त्यातल्या ‘फक्त’वर तुटून पडतात. खंडनबाईंचं निम्मं खंडन त्या एका ‘फक्त’वर उभं आहे.

अध्यक्ष आधी आले. “आम्हाला वाचावी लागत नाही. घरातच मुरलेली आहे. पानबिन विचारू नका. शेवट? त्याच वाक्यानं. वडील ते वाक्य म्हणून दाखवायचे तेव्हा अंगावर काटा यायचा. तुम्ही त्या मुलीला काही विचारलंत की नाही?”

खंडनबाई घड्याळाकडे बघत आल्या. “अर्थात वाचली आहे. मूळ संहिता पाहिल्याशिवाय खंडन करायला मी काय भाषणबाज आहे? पान एक्केचाळीस. शेवटही तिथंच, त्या वाक्यावर. आणि हे बघा, त्या मुलीबद्दल माझ्या मनात सहानुभूतीच आहे. तिच्यासारख्या माणसांना हे पुस्तक किती लागत असेल, ते मी समजू शकते. म्हणून तर म्हटलं, रागाच्या भरात झालं असेल.”

“तिनं केलं हे तुम्ही धरूनच चाललाय,” आत्या म्हणाली.

“दुसरं कोण करणार हो?” बाईंनी विचारलं, अगदी मनापासून.

सर शेवटी आले. शबनम खांद्यावर होती. बसताना त्यांनी ती पायांशी ठेवली, मग उचलून पुन्हा मांडीवर घेतली. चेहरा उतरलेला. मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

“सर, पुस्तिका हातात घेऊन वाचलीत?”

“हो,” ते म्हणाले. थोडं थांबून पुन्हा म्हणाले, “हो. वाचली.”

“ते वाक्य कितव्या पानावर आहे?”

“आठवत नाही.”

मी चमकलो. सरांना झोपेतून उठवून विचारलं तरी पान सांगतील, अशी त्यांची ख्याती.

“आणि शेवट?”

सर खिडकीकडे बघत राहिले. “वय झालं हो बाई,” ते म्हणाले. “नाही आठवत.”

ते गेल्यावर मी म्हणालो, “बिचारे. पुस्तिका गेल्याचा धसका घेतलाय त्यांनी.”

आत्यानं तिन्ही पुस्तकं उघडून माझ्यापुढे सरकवली. “भाष्यात त्या वाक्याला पान कुठलं दिलंय?”

“एक्केचाळीस.”

“खंडनात?”

“एक्केचाळीस.”

“सारात?”

सारात ते वाक्य एक्केचाळिसाव्या पानावरच होतं. मी म्हटलं, मग बरोबरच आहे की.

“पेटीतल्या पाटीवर काय लिहिलंय, रे शहाण्या?” आत्या म्हणाली.

बत्तीस पानांची पुस्तिका. मी परत एकदा तिन्ही पुस्तकांतल्या एक्केचाळीसवर बोट ठेवून पाहिलं.

६

साडेतीनला सगळ्यांना समितीच्या खोलीत बसवलं. आत्यानं मशीनताईलाही बोलावलं. ती दारापाशीच उभी राहिली. मी खुर्ची पुढे केली, तिनं पाहिलीही नाही. गोळ्यांची पट्टी मी तिच्या हातात दिली, ती मात्र घेतली.

“माझं काम कॉपी पकडायचं,” आत्या म्हणाली. “त्यात एक गोष्ट पक्की असते. दोन पोरांची उत्तरं बरोबर आली तर काही म्हणता येत नाही. पण दोघांची एकच चूक झाली, तर दोघांनी एकाच गाइडवरून उतरवलंय. भाष्य लिहिणाऱ्यांनी आणि खंडन लिहिणाऱ्यांनी, दोघांनीही मूळ पुस्तिका वाचली म्हणून छापलंय. आणि दोघांनीही बत्तीस पानांच्या पुस्तिकेतलं एक्केचाळिसावं पान दिलंय. ते पान साराचं. तुमच्या दोघांचं गाइड एकच.”

खंडनबाई लाल झाल्या. “हा माझा अपमान आहे.”

“असेलही,” आत्या म्हणाली आणि रुमालाची गाठ सोडली. “हा तुकडा इथं खाली सापडला. समास आहे, कोरा. आणि मधोमध घडी. पुस्तकाच्या पानाच्या कडेला घडी कशी असेल? पूर्वी मोठा कागद छापून, घडी घालून तसाच शिवायचे. कडा जोडलेल्या राहायच्या. ज्याला वाचायचं असेल त्यानं सुरी घालून त्या मोकळ्या करायच्या. पहिला वाचणारा येईपर्यंत पुस्तक बंदच. तुमची पुस्तिका शंभर वर्षं काचेत आहे, तिच्यावरून डोकी फुटली, आणि तिची पानं कापलेलीच नव्हती. म्हणजे ती कुणी वाचलीच नव्हती.”

अध्यक्षांच्या हातातला पेन टेबलावर पडला आणि घरंगळत गेला. त्यांनी तो उचलला नाही.

“आता रविवारी काय झालं? यानं सांगितलं, पान न् पान पडद्यावर दाखवणार. पान उघडणार कसं? ताईनं मशीनवर ठेवताक्षणी कळलं असतं की पानं जोडलेली आहेत. सगळ्या पाहुण्यांसमोर. हे ज्याला आधीपासून ठाऊक होतं, त्यालाच भीती. आणि पुस्तिका वर्षातून एकदा हातात घेणारा माणूस इथं एकच आहे.”

मी सरांकडे बघायचं टाळत होतो. आत्याचा आवाज एकदम खाली आला.

“सर, तिघांत खरं उत्तर तुम्हीच दिलंत. या दोघांनी सारातला शेवट सांगितला. तुम्हाला तो आयुष्यभर पाठ आहे, आज म्हणालात आठवत नाही. तुम्हाला खोटा शेवट सांगवेना, आणि खरा सांगायची लाज वाटली. म्हणजे कालपासून आजपर्यंत तुम्ही तो वाचलात.”

सरांनी मांडीवरची शबनम उघडली. त्यातून त्यांचं स्वतःचं भाष्य निघालं, आणि त्याच्या पोटातून ती पुस्तिका. पातळ, करड्या कव्हराची. एका पानाचा कोपरा फाटलेला होता.

काखेत कळसा म्हणतात, तशी गत. सकाळी मी ताईची पिशवी उलटी करत होतो, तेव्हा पुस्तिका माझ्यापासून हातभर अंतरावर होती.

“प्रस्तावना आधी छापून गेली होती,” सर म्हणाले. “मूळ प्रत अक्षरशः डोळ्यांखालून घातली, असं लिहून बसलो होतो. तरुण होतो. पुढे पेटी पुसायचं निमित्त काढून पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा कळलं, पानं बंद आहेत. कापायची हिंमत झाली नाही. कापली तर दिसणार की आजवर कापली नव्हती. मग ते तसंच राहिलं. काल वाटलं, कापून हळूच ठेवून द्यावी. सुरी बोथट होती, कोपरा फाटला. मी घाबरलो आणि घरी नेली. सकाळी ठेवायलाच आणली होती, पण तुम्ही सगळे आधीच पेटीपाशी उभे.”

“मग तेव्हाच का नाही बोललात, सर?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता. “तिची पिशवी उघडली तेव्हा तरी.”

सरांनी मान खाली घातली. “तुम्ही सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलंत,” ते म्हणाले. “माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही. मला वाटलं, सुटलो.”

७

अध्यक्षांनी घसा साफ केला. “ठीक आहे. पुस्तिका मिळाली, हे महत्त्वाचं. सरांचं वय बघता आपण हे इथंच मिटवू. मुलगी कामाला लागू दे, अजून वेळ आहे. पानं कापलेली आहेतच, तर स्कॅन करून—”

“शेवटचं पान वाचा,” आत्या म्हणाली.

“आत्ता?”

“तुम्हीच वाचा. आजोबांचं आहे.”

अध्यक्षांनी पुस्तिका उघडली. कापलेल्या कडा केसाळ दिसत होत्या. बाणा आजोबांचा असल्यामुळे असेल, त्यांनी सवयीनं आवाज लावला.

“घरात काही वस्तू नाहीशी झाली असता गृहस्थाने प्रथम आगंतुकाचे गाठोडे सोडून पाहावे. यात अन्याय मानू नये. आपल्या माणसाचे गाठोडे सोडणे हा आपल्या माणसाचा अपमान होय, व आगंतुकाचा अपमान होत नसतो, कारण...”

पुढचं त्यांनी वाचलं नाही. त्यांचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. खंडनबाईंनी चष्मा काढून हातात धरला. त्या प्रसिद्ध वाक्याचा, त्या उघड्या दाराचा, पुस्तिकेत कुठं पत्ताच नव्हता, असं सर हळूच म्हणाले. ते शिष्यानं मागाहून घातलं असणार.

माझ्या मनात मात्र एकच गोष्ट फिरत होती. शंभर वर्षं पान बंद होतं. कालपर्यंत आमच्यापैकी कुणी ते वाचलेलं नव्हतं. मानणाऱ्यानं नाही, विरोधकानं नाही, आणि ज्याला दोन्ही बाजूंना चहा देण्यापलीकडे काही देणंघेणं नव्हतं त्या मीही नाही. आणि सकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून त्यातली ओळ न् ओळ करून दाखवली होती. मला इतकी शरम वाटली की मी ताईकडे बघूच शकलो नाही. मी तिचं ओळखपत्र टेबलावरून सरकवलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, माझी बॅग उचलली आणि तिच्यासमोर उलटी केली. बिलं, कंगवा, अर्धी खाल्लेली पोळी, पानाची पुडी, जी बायकोला चोरून खातो. खंडनबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या पर्सची चेन उघडली. अध्यक्ष आपल्या ब्रीफकेसवर हात ठेवून बसून राहिले.

ताई दारातून दोन पावलं आत आली. आमच्या सामानाकडे तिनं पाहिलं नाही.

“भरा ते परत,” ती म्हणाली. “मला कुणाच्या पिशवीत बघायचं नाही.”

“ताई, चूक झाली,” मी म्हणालो. “तुम्ही निदान ते पान तरी...”

“ते पान तुमच्यासाठी नवं आहे,” ती म्हणाली.

ओळखपत्र तिनं उचललं नाही. जाताना मशीनच्या खोलीत गेली, मशीनवरचं कापड काढून त्याची घडी घातली, आणि मशीन चालू करून गेली. आम्हाला ते चालवता येत नाही, हे तिला ठाऊक होतं.

पाच वाजता पाहुणे आले. पडदा पांढराच राहिला. मी पुस्तिका शेवटच्या पानावर उघडून पेटीत ठेवली होती, आणि पाटीवर पृष्ठांच्या खाली एक ओळ लिहिली होती: कालपर्यंत कुणीही न वाचलेली. अध्यक्षांनी ती काढायला सांगितली. मी नाही काढली. माणसं रांगेनं येत होती, वाकून नमस्कार करत होती किंवा नाक मुरडत होती, आणि कुणीही त्या उघड्या पानापाशी वाचायला थांबलं नाही.

मी खुर्च्या मोजून परत केल्या. घरी जाताना रिक्षातून उतरताना आत्या म्हणाली, “उद्या तिच्या घरी जा. ओळखपत्र नेऊ नकोस, तू सांगितलास तो तिच्या लेकाचा उसवलेला बूट मागून घे, शिवून दे, आणि दारातच उभा राहा. आत बोलावलं तरच जा.”

मी गेलो. दार उघडलं ते लेकानं. ताईनं आतून विचारलं, “कोण आहे?”

लेकानं मला खालून वर नीट पाहिलं, आणि वळून सांगितलं, “आई, कुणीतरी परकं आहे.”